कमी बजेटमध्ये पॉडकास्ट सुरू करायचाय? माईक नंतर, आधी तास मोजा

माझा पहिला पॉडकास्ट सहा एपिसोडमध्ये आटोपला. माईक चांगला होता, विषय आवडीचा होता, कव्हर तर इतक्या हौसेनं बनवलं होतं की विचारू नका, आणि तरी सातवा एपिसोड आलाच नाही, कारण तोपर्यंत मी एवढी वैतागले होते की लॅपटॉपवर एडिटिंगचं सॉफ्टवेअर नुसतं दिसलं तरी झाकण बंद करायचे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे सहाच निघाले. या प्रकाराला पॉडकास्टवाल्यांमध्ये पॉडफेड असं नावच आहे, म्हणजे कुणालाही काही न सांगता गुपचूप विरून जाणं.

नंतर दुसरा सुरू केला, तो अजून चालू आहे. खर्च दोन्हींना जवळपास सारखाच आला. दुसऱ्या वेळी मी एकच गोष्ट वेगळी केली, सुरू करायच्या आधी कागदावर तास मांडले. पैशाच्या बजेटबद्दल सगळे बोलतात, पण ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याला सगळं स्वतःच करायचं असतं, म्हणजे खर्च होणार तो वेळच.

माझा अर्ध्या तासाच्या एका एपिसोडचा हिशोब असा. वाचणं, मुद्दे काढणं २ तास, रेकॉर्डिंग अडखळणं आणि पाणी पिणं धरून १ तास, एडिटिंग ३ तास (पहिल्या दोन-तीन एपिसोडना ५ सुद्धा लागतील, घाबरू नका), शीर्षक, वर्णन, अपलोड आणि लोकांना कळवणं १ तास. झाले ७. आता नोकरी आणि घर सांभाळून दर आठवड्याला ७ तास तुमच्याकडे आहेत का? नसतील तर पंधरा दिवसांनी एक करा, किंवा बारा मिनिटांचा करा, किंवा मी करते तसं आठ एपिसोडचा सीझन करा आणि मग सरळ सांगून सुट्टी घ्या. "दर आठवड्याला आलाच पाहिजे" हा नियम कुणी केलाय देव जाणे. ऐकणाऱ्याला एपिसोड ठरलेल्या दिवशी यायला हवा असतो, तो दिवस महिन्यातून दोनदा आला तरी त्याला चालतं.

विषय ठरवताना

दोन परीक्षा घ्या. पहिली, पॉडकास्ट कुणासाठी आहे ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि त्या वाक्यात "सगळ्यांसाठी" हा शब्द नको. "सायकलबद्दल गप्पा" हे फार ढोबळ झालं. "जुन्या सायकली घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्यांसाठी" असं म्हटलं की तो माणूस डोळ्यासमोर येतो, त्याचे हात ग्रीसनं काळे झालेत, त्याला काय अडतं ते आपोआप सुचायला लागतं. दुसरी परीक्षा, बसल्या बैठकीत वीस एपिसोडची नावं लिहा. आठव्या-नवव्याला पेन अडलं तर एकतर विषय फारच चिमुकला आहे किंवा तुम्हाला तो वाटतो तेवढा आवडत नाही. माझ्या पहिल्या पॉडकास्टची मी यादी केलीच नव्हती, केली असती तर सहावरच अडले असते बहुतेक.

एकट्यानं बोलायचं, दोघांनी गप्पा मारायच्या की पाहुणे बोलवायचे, हेसुद्धा तासांवरच ठरवा. लोकांना मुलाखत सोपी वाटते कारण समोरचाच बोलणार. पण पाहुणा शोधा, वेळ जुळवा, त्यानं ऐनवेळी पुढे ढकललं की परत जुळवा, यातच आठवडा जातो. एकट्यानं बोलणं पहिले चार एपिसोड भयंकर अवघड जातं, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, पण रात्री अकराला सुचलं तर अकराला रेकॉर्ड करता येतं. दोघांच्या गप्पा ऐकायला सगळ्यात छान, फक्त दुसरा माणूस तुमच्याइतकाच उत्सुक हवा, नाहीतर तुम्ही पॉडकास्ट काढताय आणि तो पाहुणा म्हणून येतोय असं होतं.

आवाज

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

माईक घ्यायच्या आधी खोली ऐका. खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर जे झण्णकन मागे राहतं ना, तेच तुमच्या प्रत्येक वाक्याच्या मागे राहणार आहे, आणि महागडा माईक ते आणखी स्वच्छ टिपणार आहे. उघड्या भिंती, फरशी, काच हे सगळे आवाज परत फेकतात, कपडे, गाद्या, पडदे, पुस्तकांचं भरलेलं कपाट हे आवाज खातात. म्हणून कपड्यांचं कपाट उघडायचं, त्याच्याकडे तोंड करून बसायचं, पाठीमागे जाड ब्लँकेट टांगायचं. दिसतं हास्यास्पद, घरचे हसतात, पण ऐकायला स्टुडिओच्या जवळ जातं. भिंतीला चिकटवायचे ते पातळ फोमचे चौकोन घेऊ नका, ते वरच्या पट्टीतली झिणझिण कमी करतात, खालची घुमघुम तशीच राहते.

मग घरातले आवाज. पंखा बंद, खिडकी बंद, फोन एअरप्लेन मोडवर. फ्रीज बंद करायचा असेल तर गाडीची किंवा घराची चावी फ्रीजमध्ये ठेवा. शूटिंगला जाणारे साउंडवाले ही युक्ती वापरतात, बाहेर पडताना चावी शोधलीत की फ्रीज चालू करायचं आठवतं. मी एकदा चावी न ठेवता बंद केला होता, पुढचं सांगत नाही.

आता माईक. दोन जाती लक्षात ठेवा. कंडेन्सर माईक नाजूक कानाचा, खोलीच्या कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा ऐकतो. डायनॅमिक माईक जरा बधिर, त्याच्या अगदी तोंडाशी जाऊन बोलावं लागतं, पण म्हणूनच मागची खोली कमी ऐकू येते. साध्या घरातल्या खोलीत डायनॅमिकच घ्या. आणि असा घ्या की ज्याला यूएसबी आणि एक्सएलआर (स्टुडिओतल्या उपकरणांची जाड वायर) दोन्ही जोडण्या आहेत, उदाहरणार्थ सॅमसनचा क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्स, म्हणजे आज थेट लॅपटॉपला लावता येतो आणि पुढे कधी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक आणि लॅपटॉपच्या मधला डबा, घेतला तर तोच माईक त्याला चालतो. पॉडकास्टच्या व्हिडिओंमध्ये सगळ्यांसमोर दिसणारा तो जाडजूड काळा शूअर एसएम७बी बघून मोहात पडू नका. त्याचा आवाज फार बारीक येतो, तो ६० डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास वाढवावा लागतो, याला गेन म्हणतात, स्वस्त इंटरफेसला तेवढा देताना धाप लागते, मग त्यासाठी आणखी एक डबा घ्या, असं वाढतच जातं.

आणि माईकसाठी पैसे नसतील तर? फोन घ्या. खरंच. कपड्यांच्या कपाटासमोर, पुस्तकांच्या चळतीवर, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला ठेवलेला फोन हा रिकाम्या हॉलमधल्या भारी माईकपेक्षा बरा वाजतो. रेकॉर्डर ॲपच्या सेटिंगमध्ये क्वालिटी सगळ्यात वरची करा, एवढंच.

अंतराचं बोलायचं तर डायनॅमिक माईकपासून चार-पाच बोटं. जवळ गेलात की आवाज जाड होतो, लांब गेलात की खोली आत शिरते, आणि बोलताना मागे-पुढे डुलायची सवय असेल (मला होती) तर एका वाक्यात दोन वेगळी माणसं बोलतायत असं वाटतं. मराठीत बोलणाऱ्यांना आणखी एक भानगड आहे. इंग्रजीतले सल्ले देणारे फक्त प आणि ब ची काळजी करायला सांगतात, आपल्याकडे फ, भ, ख, थ, ध अशी महाप्राण अक्षरांची फौज आहे. तळहात तोंडासमोर धरून "भरभरून फुललेलं" म्हणून बघा, हाताला किती वारा लागतो. तो वारा माईकला लागला की धप्प धप्प आवाज येतो आणि तो नंतर नीट निघत नाही. उपाय फुकट आहे, माईक तोंडाच्या बरोबर समोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, थोडा तिरका ठेवा, वारा बाजूने निघून जातो, आवाज मात्र पोचतो.

लेव्हल अशी ठेवा की नेहमीसारखं बोलताना मीटरचा काटा -१२ ते -६ डीबीच्या मध्ये नाचेल. हसलात, ओरडलात तरी शून्याला टेकता कामा नये. शून्याला टेकलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, ४४.१ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. एमपीथ्री शेवटी करायची, सुरुवातीला नाही.

हेडफोन वायरचा वापरा. ब्लूटूथ इयरफोनचा माईक चालू झाला की बहुतेक वेळा तो कॉलच्या मोडमध्ये जातो आणि तुमचा आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा होतो, शिवाय स्वतःचा आवाज कानात उशिरा येतो तो वेगळाच वैताग.

आणि आता माझी सगळ्यात महागडी चूक. दुसऱ्याच महिन्यात एका जुन्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांची मुलाखत घेतली, बावन्न मिनिटं, इतकं सुंदर बोलले की मी मध्ये प्रश्न विचारायचंच विसरले. माईक समोर, त्यावरचा हिरवा दिवा चालू, मीटर हलतंय, सगळं छान. घरी येऊन ऐकते तर आवाज विहिरीतून. सॉफ्टवेअरनं माईक निवडलाच नव्हता, लॅपटॉपच्या आतल्या माईकवर सगळं रेकॉर्ड झालं होतं, आणि त्यात लॅपटॉपचा पंखा पूर्ण वेळ घोंघावत होता. काकांना परत बोलायला सांगायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून रेकॉर्ड दाबायच्या आधी मी माईकच्या जाळीवर नखानं हळूच खरवडते. मीटर जोरात उडालं तर बरोबर माईक चालू आहे, नुसतं थोडं हललं तर चुकीचा. मग वीस सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर परत ऐकते, मग सुरू. दोन मिनिटांचं काम.

लांबच्या पाहुण्याशी बोलताना कॉलचा आवाज रेकॉर्ड करून तोच वापरू नका, इंटरनेट अडखळलं की शब्द गिळले जातात. दोघांनी आपापल्या जागी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा, पाहुण्याने फोनवर केला तरी चालेल, कॉल फक्त एकमेकांना ऐकायला. सुरुवातीला "एक, दोन, तीन" म्हणून दोघांनी टाळी वाजवायची, म्हणजे एडिटिंगमध्ये दोन्ही फाइलींवरचे टाळीचे उंचवटे जुळवले की काम झालं. कॉलचं रेकॉर्डिंगसुद्धा चालू ठेवा, पाहुण्याची फाइल हरवली तर तेवढा तरी आधार. रिव्हरसाइड, झेनकास्टर यांसारख्या सेवा हेच काम आपोआप करतात, दोन्हीकडचा आवाज जागच्या जागी रेकॉर्ड करून मग वर चढवतात, पण फुकटात किती मिळतं ते आधी वाचा, ते बदलत राहतं.

पाहुण्याला सगळे प्रश्न आधी पाठवू नका, पाठ करून येतात. विषय सांगा, पहिला प्रश्न सांगा, बस. आणि संपलं असं म्हटल्यावर लगेच स्टॉप दाबू नका, कारण "झालं का? हुश्श" म्हटल्यानंतरच लोक खरं बोलायला लागतात. अर्थात रेकॉर्डर चालू आहे हे त्यांना सांगायचं, आणि ते वापरू का हेही विचारायचं. चोरून नाही.

उठायच्या आधी अर्धा मिनिट कुणीही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये हीच शांतता ठिगळ म्हणून लागते.

एडिटिंग

सॉफ्टवेअर फुकटचं ऑडॅसिटी पुरतं, २००० सालापासून आहे, दिसायला जुनाट आहे पण सगळं करतं. ॲपलचा कॉम्प्युटर असेल तर गॅरेजबँड आहेच.

क्रम महत्त्वाचा. आधी पूर्ण ऐका, हात न लावता, कागदावर वेळ लिहीत. मग मोठे तुकडे काढा, जिथे तुमचंच लक्ष उडालं ते आख्खे तीन मिनिटांचे तुकडे. मग छोटं. नवीन माणूस उलटं करतो, प्रत्येक "अं" आणि "म्हणजे" शोधून कापत बसतो, दोन तास घालवतो आणि शेवटी त्याला कळतं की तो प्रश्नच काढून टाकायचा होता. सगळे "अं" काढूही नका, माणूस श्वास न घेता बोलतोय असं होतं. जिथे कापलं तिथे मागची शांतता एकदम तुटल्यासारखी वाटली तर ते खोलीच्या शांततेचं ठिगळ लावायचं.

तोडणं झालं की मग आवाजावर काम. आधी नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा सततचा आवाज कमी करणं, तेसुद्धा हलक्या हातानं, ६ ते १२ डीबी, जास्त केलं की आवाज पाण्याखालून येतो. मग ८० हर्ट्झच्या खालचं काढून टाकायचं, तिथे टेबलाची थडथड आणि रस्त्याची घरघर असते. मग कॉम्प्रेसर ३:१, म्हणजे कुजबुज आणि हसणं यातली दरी कमी होते. शेवटी लाउडनेस, म्हणजे एकूण आवाज कानाला किती मोठा वाटतो ते, त्याचं माप एलयूएफएस. स्टीरिओ (डाव्या-उजव्या कानाला वेगळा आवाज) फाइल -१६ एलयूएफएस, मोनो (एकच आवाज) -१९, आणि शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा क्षण, -१ डीबीच्या वर जायला नको. मोनोला वेगळा आकडा का, तर मोनो फाइल दोन्ही कानांत वाजते, दोन मिळून ३ डीबी मोठी मोजली जाते. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये मोनोला ड्युअल मोनो समजायची एक टिक असते, ती चालू असेल तर -१६ च टाका, वजाबाकी ते स्वतः करतं. हे आकडे कंटाळवाणे वाटतील पण ऐकणारा दुसऱ्या कुणाच्या पॉडकास्टवरून तुमच्याकडे आला आणि त्याला व्हॉल्यूम दुप्पट करावा लागला तर तो वैतागतो.

नुसतं बोलणं असेल तर मोनो एमपीथ्री, ६४ ते ९६ केबीपीएस पुरे. ६४ ला अर्धा तास साधारण १४ एमबी होतो, ऐकणाऱ्याचा डेटा वाचतो. अपलोड करण्याआधी फोनच्या साध्या स्पीकरवर, नळ चालू ठेवून, भांडी घासताना ऐका. लोक तसंच ऐकणार आहेत.

पहिलं मिनिट मात्र जिवापाड जपा. माझी जुनी सुरुवात अशी असायची, "नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे, मजेत ना, तर आज आपण एका खूपच इंटरेस्टिंग विषयावर बोलणार आहोत, पण त्याआधी..." आणि आकडेवारीत दिसायचं की इथेच माणसं उठून जातायत. आता सायकलचंच उदाहरण घ्यायचं तर मी अशी सुरू करीन, "तिसऱ्यांदा चेन तुटली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की चूक चेनची नाहीच." बास. नाव, गाव, नमस्कार त्यानंतर.

संगीताबद्दल दोन शब्द. "दहा सेकंदांपर्यंत कुणाचंही गाणं चालतं" ही शुद्ध अफवा आहे, असा काही कायदा नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचं घ्या आणि लायसन्स वाचा. सीसी झीरो म्हणजे बिनधास्त, सीसी बीवाय म्हणजे नाव द्यायचं, आणि ज्याच्यात एनसी आहे ते व्यावसायिक वापराला नाही, म्हणजे उद्या एक जाहिरात घेतलीत की जुन्या सगळ्या एपिसोडचं संगीत गळ्यात अडकतं. आपल्या ओळखीत कुणी बासरी, गिटार, पेटी वाजवत असेल तर पंधरा सेकंद वाजवून घ्या आणि वापरायची परवानगी लेखी घ्या, मित्र असला तरी.

फीड, होस्ट आणि ते कव्हर

हे समजून घेतलं की पुढची बरीच डोकेदुखी वाचते. तुमचा आवाज स्पॉटिफाय किंवा ॲपलवर "चढवला" जातो असं लोकांना वाटतं. मूळ व्यवस्था वेगळी आहे, फाइली होस्टकडे, म्हणजे त्या इंटरनेटवर साठवून देणाऱ्या सेवेकडे राहतात, होस्ट एक आरएसएस फीड बनवतो, म्हणजे एपिसोडची एक चालती यादी, आणि सगळी ॲप्स ती यादी वाचून दाखवतात. पॉडकास्ट हा शब्द २००४ मध्ये आला तो आयपॉडवरून, ॲपलनं २००५ मध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले, आयपॉड २०२२ मध्ये बंदसुद्धा झाला, पण फीड अजून तशीच चालू आहे. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स हे ॲप बंद झालं तेव्हा ज्यांची फीड स्वतःच्या ताब्यात होती त्यांचे एपिसोड बाकी ॲप्सवर जसेच्या तसे राहिले.

म्हणून होस्ट निवडताना एकच प्रश्न आधी विचारा, मी सोडून गेले तर माझी जुनी फीड नव्या पत्त्यावर वळवून द्याल का? याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. हो असेल तर पुढे बोला. स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स फुकट आहे, आधी अँकर नावानं होतं ते हेच. बाकी होस्टचे फुकट प्लॅन बारकाईनं वाचा, काहींत महिन्याला ठरावीक तासच चढवता येतात, काहींत ९० दिवसांनी जुने एपिसोड काढून टाकतात. फीडमध्ये दिलेला ईमेल कुणालाही दिसू शकतो, त्यामुळे त्यासाठी वेगळा ईमेल काढा, माझ्या रोजच्या इनबॉक्सचा उकिरडा याच चुकीनं झाला.

कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, जेपीजी किंवा पीएनजी. कमीत कमी १४०० चालतं पण मोठंच करा. बनवून झालं की फोनवर नखाएवढं लहान करून हातभर अंतरावरून बघा, नाव वाचता आलं तर पास. माईकचं चित्र टाकू नका हो, निम्म्या पॉडकास्टवर तेच आहे.

आधी एक-दीड मिनिटाचा ट्रेलर चढवा आणि त्यावर सगळीकडे नोंदणी करून घ्या, ॲपल, स्पॉटिफाय, ॲमेझॉन म्युझिक, यूट्यूब. मंजुरीला कधी लगेच, कधी काही दिवस लागतात, ट्रेलर असला की खऱ्या तारखेला धावपळ होत नाही. आणि सुरुवात करताना किमान तीन एपिसोड तयार हवेत, दोन प्रकाशित आणि एक हाताशी. आजारी पडलात तर तोच वाचवतो.

एपिसोडच्या नावात "एपिसोड ७" ला काही अर्थ नाही, ते कुणी शोधत नाही. "गियर बदलताना चेन का निसटते" हे शोधतात.

ऐकणारे कसे वाढतात

हळू. फार हळू. पहिले वीस श्रोते एकेक करून हातानं जमवावे लागतात, आणि लिंक पाठवून नाही, समोर बसवून. अर्ध्या लोकांना पॉडकास्ट कुठे ऐकतात हेच माहीत नसतं. मी मावशीच्या फोनवर ॲप उघडून, फॉलो दाबून, एक एपिसोड डाउनलोड करून दिला. आता ती दर एपिसोडनंतर फोन करून चुका सांगते, मागितल्या नसतानाही.

त्यानंतर सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दुसऱ्यांच्या पॉडकास्टवर जाण्याचा. जो माणूस आत्ता पॉडकास्ट ऐकतोय त्याला दुसरा पॉडकास्ट ऐकायला लावणं सोपं, रील बघणाऱ्याला चाळीस मिनिटं ऐकायला लावणं महाकठीण. तुमच्याएवढ्याच आकाराचे, जवळच्या विषयाचे चार पॉडकास्ट शोधा, आधी नीट ऐका, मग लिहा, "तुमच्या अमुक एपिसोडमधलं हे आवडलं, मला याच्यावर असं बोलता येईल." किंवा नुसती अदलाबदल, तुमच्यावर अर्धा मिनिट मी बोलते, माझ्यावर तुम्ही. यात पैसे लागत नाहीत.

एपिसोडच्या शेवटी एकच मागणी करा. फॉलो करा, रेटिंग द्या, शेअर करा, ईमेल करा, सगळं एका दमात म्हटलं की कुणी काहीच करत नाही. आणि करायचीच तर "फॉलो करा" ही करा. ॲपलनं स्वतःच सांगितलंय की त्यांचे टॉप चार्ट ऐकणं, फॉलो आणि एपिसोड किती पूर्ण ऐकला यावर ठरतात, रेटिंग-रिव्ह्यू त्यात धरत नाहीत.

आकडे रोज बघू नका, वेड लागतं. डाउनलोड मोजायचा बऱ्याच होस्टनी स्वीकारलेला नियम असा आहे की निदान एक मिनिटाचा आवाज उतरलेला हवा आणि तोच माणूस चोवीस तासांत परत आला तरी एकच धरायचा. त्यामुळे होस्ट बदललात आणि आकडा घसरला तर श्रोते पळाले असं लगेच समजू नका, मोजमाप कडक झालं असेल. मी दोनच गोष्टी बघते. एक, एपिसोड आल्यापासून सात दिवसांत किती, आणि तो आकडा मागच्या तीनशी ताडून. दोन, ॲपल आणि स्पॉटिफायमध्ये दिसणारा तो आलेख, कुठल्या मिनिटाला लोक सोडून गेले. एकदा बाराव्या मिनिटाला असा कडा कोसळल्यासारखा दिसला, ऐकलं तर तिथे मी चार मिनिटं माझ्याच प्रवासाचं पुराण लावलं होतं. पैसे देऊन डाउनलोड विकत मिळतात, त्यांच्या नादी लागू नका, त्यातला एकही माणूस दुसऱ्या एपिसोडला येत नाही.

पैसे यायचं म्हणाल तर जाहिरातीचा भाव हजार डाउनलोडमागे ठरतो, आणि तीनशे डाउनलोडवर त्यातून चहासुद्धा निघत नाही. छोट्या पॉडकास्टला श्रोत्यांची थेट वर्गणी किंवा स्वतःचं काम, शिकवणी, वस्तू विकणं जास्त जमतं, कारण ऐकणारे थोडे असले तरी जीव लावणारे असतात. आणि थोडे पैसे आले की माझ्या मते आधी बऱ्यापैकी हेडफोन, मग माईक, मग पैसे भरून घेतलेलं होस्टिंग. त्यापुढे पैसे उरले तर एडिटिंगला माणूस, कारण सातातले तीन तास तिथेच जातात.

थांबायचं झालं तर

थांबलात तर फीड उडवू नका. जुने एपिसोड पडून राहू देत, कुणीतरी शोधत येतंच. माझ्या त्या सहा एपिसोडच्या पॉडकास्टला परवा एक ईमेल आला, "सातवा कधी?" सगळं थांबल्याला तीन वर्षं झाली होती. मला इतकी लाज वाटली की त्याच रात्री कपाट उघडून, ब्लँकेट टांगून, नखानं माईक खरवडून दीड मिनिटाचा सातवा एपिसोड केला: हा पॉडकास्ट इथे थांबला, मी दमले होते, नवीन दुसरीकडे चालू आहे, तिकडे या. एडिटिंगला चार मिनिटं लागली.